विटांचा किल्ला टेकडीवर का बसत नाही? जमीन आणि इमारतींच्या नियोजनातील नेहमीची अडचण

लेगोच्या किंवा तशाच खेळण्यातल्या विटांचा किल्ला करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. तट, बुरूज, दरवाजा सगळे मनासारखे जमते. मात्र त्याखाली डोंगर आणि भोवती वाट, घरे, झाडी घालायला घेतली की काम अडते. किल्ला टेकडीवर उभा न वाटता खोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो, वाट दरवाज्यापर्यंत पोहोचत नाही, तटाच्या पायाशी एक-दोन प्लेटच्या (प्लेट म्हणजे विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड चपटी वीट) फटी राहतात आणि आतल्या इमारतींची छपरे तटाला अडतात. मग एक बाजू उसकटून पुन्हा रचली जाते आणि तीच अडचण दुसऱ्या बाजूने वर निघते. विटा कमी पडल्या असा समज करून आणखी डबे आणले जातात, पण त्याने काही सुधारत नाही, कारण दोष विटांच्या संख्येत नसून कामाच्या क्रमात असतो.

कोल्हापुरात दिवाळीआधी पेठापेठांतून मातीचे किल्ले उभे राहतात, आणि ते करणारी पोरे हा क्रम कोणी न शिकवता बरोबर पाळतात: आधी दगड-विटांचा ढीग, त्यावर पोती, त्यावर चिखल, मग वाट आणि पायऱ्या, आणि सर्वांत शेवटी तट, बुरूज व कुंभाराकडून आणलेले मावळे. तीच पोरे लेगोचा डबा उघडला की उलट्या बाजूने सुरुवात करतात, कारण डब्यातले देखणे भाग तटाचे आणि दरवाज्याचे असतात, डोंगराचे नसतात. मातीत हा उलटा क्रमही एकवेळ खपून जातो. तटाखाली थोडा चिखल दाबला की फट बुजते. विटा मात्र ठरलेल्या मापातच बसतात, म्हणून जमिनीच्या पातळ्या आणि वाट आधी, तट त्यानंतर आणि इमारती सर्वांत शेवटी हाच क्रम इथेही धरावा लागतो.

किल्ला खोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो

आधी मापे ध्यानात घ्यावीत. विटेवरच्या दोन शेजारच्या स्टडमधले (वरच्या गोल उंचवट्यांमधले) अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिमी असते, विटेची उंची ९.६ मिमी आणि प्लेटची ३.२ मिमी, म्हणजे ३ प्लेटची १ वीट होते. ३२ स्टडची बेसप्लेट (सगळ्यात खाली येणारी सपाट चौरस पाटी) सुमारे २५६ मिमी लांब-रुंद भरते, ४८ स्टडची सुमारे ३८४ मिमी. माणसाची लहान आकृती, तिला इथून पुढे मावळाच म्हणू, साधारण ४० मिमी उंच असते.

आता नेहमीची मांडणी पाहू. ३२ × ३२ स्टडचा किल्ला ४८ × ४८ च्या बेसप्लेटवर मधोमध ठेवला, तर चारही बाजूंना ८-८ स्टड उरतात. त्यातले ६ स्टड वाटेला गेले, आणि घोडेस्वार न्यायचा असेल तर त्याहून अरुंद वाट शोभत नाही, की उतारासाठी फक्त २ स्टड, म्हणजे १६ मिमी राहतात. टेकडी १० विटा उंच धरली तर चढायचे असतात ९६ मिमी. १६ मिमीत ९६ मिमी चढणारा उतार हा उतार नसतो, ती भिंतच असते. हिरवे स्लोप (तिरक्या माथ्याच्या विटा) लावून, झुडपे चिकटवून ती झाकण्याचा कितीही प्रयत्न केला तरी खोके ते खोकेच दिसते.

वाटेचा हिशेब याहून कठीण निघतो. दर २ स्टडला १ प्लेट चढ दिला, तर पाचास एक असा चढ मिळतो आणि तो डोळ्याला घाटवाटेसारखा वाटतो. १० विटा म्हणजे ३० प्लेट. त्यासाठी ६० स्टड, अर्थात ४८० मिमी लांबीची वाट लागते. ४८ च्या बेसप्लेटची एक अख्खी बाजूही त्याला पुरत नाही. दर स्टडला १ प्लेट चढवली तर ३० स्टडांत काम भागते, पण ती वाट न राहता पायऱ्यांचा जिना होतो. पायी जाणाऱ्यांसाठी तो चालतो, बैलगाडी किंवा घोड्यासाठी नाही. दर स्टडला १ वीट चढवणाऱ्यांनी मात्र आपला मावळा त्या पायरीपाशी एकदा उभा करून पाहावा. ती त्याच्या उंचीच्या जवळजवळ पावपट, म्हणजे गुडघ्याइतकी असते.

उपाय सोपा आहे, तरी सममितीच्या मोहामुळे तो सहसा सुचत नाही. किल्ला मधोमध न ठेवता एका कोपऱ्याकडे सरकवावा. मागच्या दोन बाजूंना २-२ स्टड ठेवून तिथे सरळ कडा दाखवावा. मग पुढच्या दोन बाजूंना १४-१४ स्टड मिळतात, त्यांत ६ स्टडची वाट आणि ८ स्टडचा उतार व्यवस्थित बसतो. वाट पुढच्या बाजूने ३४ स्टड चढत जाते, कोपऱ्यावर ६ × ६ चा सपाट टप्पा घेऊन वळते आणि दुसऱ्या बाजूने २६ स्टड जाऊन दरवाज्याशी पोहोचते. ६० स्टड भरले. शिवाय ही वाट सबंध तटाखालून, वरच्या माऱ्यातून जाते, जे डोंगरी किल्ल्याला साजेसेच आहे.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवरचा पन्हाळा घ्या. त्याच्या घेऱ्याचा बराचसा भाग नैसर्गिक कड्याने राखलेला आहे आणि तिथे कड्याच्या माथ्यावर बेताचा तट पुरतो. जिथे चढण सोपी होते तिथे मात्र उंच तट, बुरूज आणि दरवाज्यांची रचना येते. नमुन्यातही हेच करावे. कड्यावर तट ३ ते ४ विटांचा पुरे, उताराच्या बाजूला तो ८ ते १० विटांचा घ्यावा. यात विटाही वाचतात, आणि तट इथे उंच व तिथे ठेंगणा का आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. परदेशी धर्तीच्या तयार संचांत सपाट जमीन, भोवती खंदक आणि चारही बाजूंना सारखाच तट असतो; ती रचना डोंगरावर नेऊन ठेवली की ती परकी दिसते, यात नवल नाही.

जागा खरोखरच कमी असेल, समजा ३२ स्टडची एकच बेसप्लेट असेल, तर डोंगरी किल्ल्याचा हट्ट सोडावा हे माझे स्पष्ट मत आहे. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा, राजगड, रायगड यांच्याबरोबर खांदेरी आणि सिंधुदुर्ग हे पाण्यातले किल्लेही आहेत. पाण्यातून तट थेट वर उठतो, वाटेचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि निळ्या बेसप्लेटवर दोन-तीन प्लेटचा खडक पुरतो.

प्रमाण किती धरावे

४० मिमीचा मावळा म्हणजे सुमारे १७० सेंमीचा माणूस असे धरले, तर प्रमाण साधारण ४२ला १ पडते. या प्रमाणात पन्हाळ्याचा ७ किलोमीटरहून अधिक लांबीचा घेरा करायला गेल्यास दीडशे मीटरहून लांब तट रचावा लागेल. सबब सगळे एकाच प्रमाणात करण्याचा प्रश्नच येत नाही. माणूस ज्याच्या जवळून जातो त्या गोष्टी, म्हणजे दरवाजा, पायरी, फांजी (तटावरची चालायची वाट), जंग्या (तटातली मारा करायची भोके), या मावळ्याच्या मापाने कराव्यात. तटाची लांबी आणि डोंगराची उंची खुशाल आवळावी. दरवाज्याचे मोकळे अंतर ४ स्टड आणि उंची ६ विटा असली की भालाईत आत जाऊ शकतो. ६ स्टड लांबीची कमान घेतली तर तिच्याखाली बरोबर ४ स्टड मोकळे राहतात.

विटा हाती घेण्यापूर्वी पुठ्ठ्याची टेकडी

एवढा हिशेब कागदावर जुळला तरी डोळ्याला तो कसा दिसेल हे कागद सांगत नाही. संगणकावर विटांची आखणी करणारा ‘स्टुडिओ’सारखा विनामूल्य प्रोग्रॅम वापरता येतो आणि विटांची यादी काढायला तो उपयोगीही आहे, परंतु उताराचा अंदाज पडद्यापेक्षा टेबलावर चांगला येतो. त्यासाठी किराणा दुकानातली रिकामी खोकी पुरतात. तीन पदरी नालीदार पुठ्ठा साधारण ३ ते ४ मिमी जाड असतो. फुटपट्टीने मोजून ३ मिमीच्या जवळचा निवडला की एक थर म्हणजे एक प्लेट हे समीकरण जवळपास जमते.

सर्वांत खालचा थर बेसप्लेटएवढा कापावा आणि त्यावर ८ मिमीच्या रेघा मारून घ्याव्यात. मग तीन-तीन पुठ्ठे एकत्र चिकटवून विटेएवढ्या जाडीचे थर करावेत आणि प्रत्येक वरचा थर कड्याच्या बाजूला खालच्याशी जवळजवळ सरळ रेषेत, उताराच्या बाजूला एक-दोन स्टड आत, असा रचत जावे. थर एकमेकांना चिकटवू नयेत, टाचणीने अडकवावेत. वाटेची ६ स्टड रुंद पट्टी वेगळ्या रंगाच्या कागदाची कापून या टेकडीवर गुंडाळून पाहिली की ती कुठे फार चढी होते, कुठे वळणाला जागा नाही, हे एका बैठकीत लक्षात येते. टेबलाच्या पातळीवर डोळा आणून मावळा वाटेवर ठेवून पाहावा. वरून पाहताना बरा वाटणारा उतार या कोनातून अनेकदा कड्यासारखा दिसतो. टाचण्या काढून थर सरकवायला काहीच लागत नाही, आणि सगळे मनासारखे झाले की प्रत्येक थराची कड पेन्सिलीने खालच्या थरावर गिरवून क्रमांक घालावा. विटांची टेकडी रचताना नकाशा म्हणून हेच पुठ्ठे एकेक करून समोर ठेवता येतात.

तटाच्या पायाशी फटी राहतात

याचे कारण ३ या आकड्यात आहे. जमीन प्लेटने चढते आणि तट विटेने. जमिनीची पातळी ४ किंवा ५ प्लेटवर असेल आणि शेजारचा तट ३ किंवा ६ वर बसलेला असेल, तर एक-दोन प्लेटची फट राहणारच. म्हणून तटाची पहिली वीट जिथे जिथे बसणार, तिथली जमीन ३ प्लेटच्या पटीत ठेवावी. बाकीच्या जमिनीला हे बंधन नाही. तट उतारावरून खाली येत असेल तर त्याचा माथाही तिरका न करता टप्प्याटप्प्याने उतरवावा, आणि प्रत्येक टप्पा पूर्ण विटेचा घ्यावा. म्हणजे चर्यांची (तटाच्या माथ्यावरच्या दात्यांची) ओळ बिघडत नाही.

तट आधीच रचलेला असेल तर उसकटण्याची गरज नाही. एक प्लेटची फट बाहेरून जमिनीच्या रंगाची प्लेट लावून बुजते. दोन प्लेटच्या फटीसमोर १ × १ चा लहान स्लोप बसतो, कारण त्याची उंची नेमकी दोन प्लेटची असते, आणि तटाच्या पायाशी पडलेल्या दगडगोट्यांसारखा तो दिसतो.

तिरका तट जुळत नाही

डोंगराची कड काटकोनात वळत नसल्यामुळे तट तिरका घ्यावा लागतो, आणि तिरक्या तटाचे दुसरे टोक कोणत्याच स्टडवर बसत नाही अशी तक्रार येते. येथे शाळेतला काटकोन त्रिकोण कामी येतो. एका दिशेने ३ आणि दुसऱ्या दिशेने ४ स्टड अंतरावरचे दोन बिंदू एकमेकांपासून बरोबर ५ स्टड अंतरावर असतात. ६, ८ आणि १० किंवा ५, १२ आणि १३ ही मापेही चालतात. मोजणी मात्र स्टडच्या मध्यापासून करायची असते, म्हणून ५ अंतरासाठी ६ स्टड लांबीची आणि १० अंतरासाठी ११ स्टड भरणारी जोडणी लागते. बहुतेकांची गफलत इथेच होते. तिरक्या भागाची दोन्ही टोके एकेका गोल १ × १ प्लेटवर टेकवावीत, म्हणजे तो भाग शेजारच्या स्टडना न अडता फिरतो. टोकांपाशी उरणारी पाचराच्या आकाराची फट झाकायला तिथे गोल बुरूज घ्यावा. आपल्या किल्ल्यांत तट वळतो तिथे बहुधा बुरूज असतोच, त्यामुळे ही तडजोड वाटत नाही.

जमीन खचते, सांधे दिसतात

टेकडी आतून भरीव करणे हा विटांचा अपव्यय आहे, आणि पूर्ण पोकळ ठेवली तर तट बसवताना वरची प्लेट दबते. दर ८ स्टडवर २ × २ विटांचा खांब आणि त्यांच्या डोक्यावर सांध्यावर सांधा न येऊ देता रचलेल्या प्लेटचे दोन थर एवढे पुरते. घरात धाकट्या भावंडाचे जुने डुप्लोचे, म्हणजे लेगोचेच लहान मुलांसाठीचे मोठे ठोकळे पडून असतील तर ते टेकडीच्या पोटात घालावेत. डुप्लोचे माप प्रत्येक दिशेने दुप्पट असल्यामुळे साध्या विटा त्यांवर व्यवस्थित बसतात, आणि एका डुप्लोची उंची दोन विटांइतकी होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या विटा एकत्र असल्यास पोटात वाटेल त्या वापराव्यात, तटासाठी मात्र एकाच प्रकारच्या घ्याव्यात. केसाएवढा फरकही लांब तटात साचत जातो.

बेसप्लेटबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिला खालून पकड नसते, म्हणून दोन बेसप्लेट फक्त वरूनच, दोन्हीकडे किमान दोन-दोन स्टड पकडणाऱ्या प्लेटने, जोडता येतात. आणि ती नेहमीच्या प्लेटपेक्षा पातळ असते, त्यामुळे एकीकडे बेसप्लेट आणि शेजारी १६ × १६ ची प्लेट असे मिश्रण केल्यास जमिनीत न बुजणारी पायरी पडते. सबंध तळ एकाच प्रकारचा ठेवावा. नमुना उचलून न्यायचा असेल तर दोन भागांमधला सांधा चौकातून न नेता कड्याच्या किंवा तटाच्या रेषेने न्यावा, तिथे तो दिसत नाही.

आतल्या इमारती

इमारती शेवटी करायच्या असल्या तरी त्यांची जागा पुठ्ठ्यावरच राखून ठेवावी लागते. त्यातली सर्वांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जमिनीखालची खोली. पन्हाळ्यावरच्या अंधारबावेसारखी खाली उतरत जाणारी विहीर किंवा साधे पाण्याचे टाके दाखवायचे तर जमिनीखाली निदान दोन विटांची जागा हवी. टेकडीचे खांब त्या जागेपुरते आधीच टाळावे लागतात. पन्हाळ्याच्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वारासारखी एकामागे एक दरवाजे आणि मध्ये चौक अशी रचना हवी असेल तर तीही जागा खाते. दोनच दरवाजे, प्रत्येक २ स्टड जाड, आणि मध्ये ८ स्टडचा चौक असे धरले तरी १२ स्टड जातात. किल्ला ३२ स्टडचा असेल तर यातच त्याच्या रुंदीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग संपतो, आणि उरलेल्यात सदर, कोठार आणि देऊळ असे सगळे कोंबण्याचा मोह आवरावा. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या (धान्यकोठारातल्या) गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांच्या धर्तीचे, बाहेरून पायऱ्या असलेले एखादे लांबट कोठार आणि कड्याच्या टोकाला तिथल्याच सज्जा कोठीसारखी एक इमारत एवढ्याने किल्ला भरलेला वाटतो. मोकळे मैदान ही किल्ल्यावरची रिकामी राहिलेली जागा नव्हे, फौज तिथेच जमते.

तट आणि इमारत यांच्यामध्ये निदान ४ स्टड अंतर ठेवावे. दृश्यासाठी नव्हे, बोटांसाठी. पडलेला मावळा उचलायला चिमटा लागू लागला की तो किल्ला मुलांच्या हातून सुटला असे समजावे. छप्पर भिंतीबाहेर एक स्टड येते हेही या चारमध्ये धरावे, आणि छपरे न चिकटवता उचलून काढता येतील अशी, कडेला चार-सहा स्टडचीच पकड देऊन ठेवावीत.

रंगाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. पन्हाळ्याच्या माथ्यावर तांबडा जांभा आणि खाली काळा बेसॉल्ट आहे, म्हणून कड्याला गडद राखाडी आणि वरच्या एक-दोन विटांच्या थराला तांबूस तपकिरी रंग दिला तर टेकडी लगेच इकडची वाटते. हिरवा रंग उतारावर आणि तोही तुटक वापरावा. जुन्या-नव्या विटा मिसळलेल्या असतील तर राखाडीच्या दोन छटा दिसतील, कारण लेगोने २००४ च्या सुमारास राखाडी रंग किंचित निळसर केला. जुनी छटा खडकाला आणि नवी तटाला दिली की ठिगळे दिसत नाहीत.

किल्ला आधीच बांधून झाला असेल तर

सगळे मोडण्याऐवजी किल्ला तळासकट उचलून मोठ्या लाकडी फळीवर कोपऱ्याकडे सरकवावा आणि पुढच्या दोन बाजूंना नवी जमीन जोडावी. फळीसाठी १२ मिमीचे प्लायवुड पुरते. मात्र कोल्हापूरच्या पावसाळ्यात हलके प्लायवुड पोक काढते, त्यामुळे मरीन दर्जाचे घेऊन दोन्ही बाजूंनी रंग द्यावा, एकाच बाजूने दिला तर ते अधिकच वाकते. त्यानंतर दरवाज्याची उंबऱ्यापर्यंतची उंची प्लेटमध्ये मोजावी, तिला दोनने गुणावे आणि तेवढे स्टड वाटेला मिळतात का ते पाहावे. मिळत नसतील तर वाट चढी करण्यापेक्षा दरवाजा खाली आणावा. बहुतेक किल्ल्यांत दरवाज्याच्या दोन बाजूंचे बुरूज सुटे निघतात, त्यामुळे तेवढाच भाग ३ किंवा ६ प्लेट उतरवून आतल्या बाजूला देवड्यांमधून (पहारेकऱ्यांच्या खोल्यांमधून) वर जाणाऱ्या पायऱ्या देता येतात. उतरवताना बुरुजाचा सर्वांत खालचा थर आधी मोकळा करावा. वरून एकेक वीट काढत गेल्यास चर्या सुट्या होतात आणि त्या पुन्हा ओळीत लावण्यातच संध्याकाळ जाते.